मंजुषाचा ताप अन् माही इंग्रजी

...अन् वरून मलेच म्हणते, कैलासभाऊ, तुमी आपलं दुकान पाहा, इंग्रजीच्या भानगडीत पडू नोका. सारी नालवाडी म्हणते. अरे बाप्पा, मी गेलतो का कोनाच्या दारावर इंग्रजी सांगाले? तुमाले सांगतो, शह्याऐंशी साली बी.ए. केलं म्या, इंग्रजी विषय घेऊन, अन् तेव्हापासून या वस्तीतला एकही इंग्रजी कागद माह्या काउंटरवरून गेल्याशिवाय पुढे सरकला नाई. लाइटच्या ऑफिसची नोटीस आली, दाखवा कैलासले. गोळ्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षर, दाखवा कैलासले. कोनाच्या पोट्ट्याले नोकरीचं पत्र आलं, आधी कैलास, मंग पेढे. पस्तीस-चाळीस वर्षं फुकटात केलं, कोनी चहा नाई पाजला. अन् एक डाव, फक्त एक डाव जरा इकडचं तिकडे झालं, तं म्हणते कैलासची इंग्रजी कच्ची हाय. आता तुमीच सांगा, याच्यात माहं का चुकलं?

पहिल्यापासून सांगतो, मंग तुमीच ठरवा.

आमचे मनोहरराव हायेत ना... आता तुमाले मनोहरराव मालूम नाई, म्हणजे तुमी वर्ध्याच्या भाजीबाजारात कधी गेलेच नाई. नालवाडीच्या मागं त्याइचं वावर हाय, तीन एकर, सारं माळवं. वांगे, ढेमसं, सांभार, पालक. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या मानसाले सांगावं लागते, तो बिचारा सांभार म्हनलं का वाटीच पुढं करते. तं मनोहरराव पिकवते बी स्वतः अन् बाजारात बसून इकते बी स्वतः. अडुसष्ट वय, पन आवाज असा का बाजाराच्या या टोकाले बसून हाक मारली तं त्या टोकाची बाई थैली घेऊन येते. बायको गोपिकाबाई दोन वर्षाआधी गेली. एकुलती एक पोरगी मंजुषा, कॉम्प्युटर शिकली, इंग्लंडात लीड्स म्हणून गाव हाय, तिथं राह्यते. जावई नीरज. अन् नात आचल, नऊ वर्षाची, तिथंच झालेली. आचलले मराठी सारी समजते पन बोलत नाई. आपल्याकडे घरात जावयाचं असते ना, तसंच.

तं जानेवारीतली गोष्ट. गुरुवारी मंजुषाचा फोन आला, आवाज असा बसलेला, जसं मडक्यातून बोलून राह्यली. म्हणते, बाबा, काही नाई, जराशी अंडर द वेदर आहे, आचलशी बोला. अन् आचलनं सांगितलं, लिटल फीव्हर. संपला फोन. मनोहरराव तसेच चप्पल घालून माह्या दुकानात.

“कैलास, वेदर म्हणजे?”

म्या म्हनलं, “हवामान.”

“अन् अंडर?”

“खाली.”

“म्हणजे पोरगी हवामानाच्या खाली हाय?”

म्या म्हनलं हो, शब्दाले शब्द तोच हाय. मंग आमी दोघंही दुकानाच्या बाहेर येऊन वर पाह्यलं. मनोहरराव म्हणे, “अरे, आपून बी तं खालीच हावो. वर कोन राह्यते?” आता याचं उत्तर बी.ए.च्या पुस्तकात होतं का? नव्हतं. म्या सांगितलं, भाऊ, तिकडे थंडी लय, हवामान मानसाच्या डोक्शावर बसत असन. फीव्हर म्हणजे ताप, तेवढं पक्कं. लिटल म्हणजे थोडासा.

बस, त्या ‘थोडासा’नं घात केला. मनोहरराव मटकन पोत्यावर बसले.

आता त्याचं कारण हाय. हे सांगतानी मले हसू येत नाई, तुमीही हसू नोका. गोपिकावहिनी गेली ना, तेव्हा बी असाच ताप होता. मंजुषा रोज फोन करे, अन् मनोहरराव रोज सांगे, मामुली ताप हाय, थोडासा, तू काऊन घाबरतं, तुही सुट्टी वाया जाईन. अकरा दिवस. अकरा दिवस तो मानूस माह्याच दुकानासमोर उभा राहून फोनवर ‘थोडासा, थोडासा’ करे, अन् फोन ठेवला का डोळे पुसे. छातीत उतरला होता ताप, निमोनिया. बाराव्या दिवशी वहिनी गेली. मंजुषा पोचली तिसऱ्या दिवशी, तेव्हा घरात फक्त फोटो होता. ते पोरगी रडली नाई, भांडली नाई, एवढंच बोलली, “बाबा, आता तुमचं ‘बरं हाय’ मले कधीच समजणार नाई.” अन् गेली. तेव्हापासून फोन होते, दर रविवारी होते, पन कसा? जेवले का, जेवलो. पाऊस हाय का, नाई. ठेवतो. ठेव. बाप पोरीले काही सांगत नाई, पोरगी बापाले काही सांगत नाई, अन् दोघंही म्हणते, सारं मस्त.

म्हणून तो ‘थोडासा’ ऐकला अन् मनोहररावनं तिथंच, माह्या दुकानात, साखरेच्या पोत्यावर बसून, केळझरच्या गणपतीले नवस केला. पोरीचा ताप उतरला का त्याच दिवशी येतो, नारळ फोडतो, एकवीस मोदक ठेवतो.

शुक्रवारी काही खबर नाई. शनिवारी दुपारी, बाराच्या सुमाराले, मी तुरीची दाळ तोलून राह्यलो होतो, मनोहरराव फोन वर धरून आले, जसं आरती घेऊन यावं. आचलचा मेसेज होता. म्या चष्मा पुसला अन् वाचला. मम्मी हॅज कम डाऊन विथ द फ्लू.

आता तुमी सांगा. कम म्हणजे का? येणे. डाऊन म्हणजे का? खाली. आपल्याकडे ताप चढते अन् ताप उतरते, तिसरं काही करते का? अन् खाली आला म्हणजे का झाला? उतरला. आठवीतलं पोट्टं सांगन. म्या दाळीची पुडी तशीच ठेवली अन् म्हनलं, “मनोहरराव, मोदकाच्या कामाले लागा. उतरला.”

मनोहरराव बी काही कमी नाई, म्हणे, “कैलास, विथ म्हणजे संगं ना? मंग फ्लूच्या संगं कोन उतरलं?”

“भाऊ,” म्या म्हनलं, “ताप एकटा उतरत नसते. सर्दी, पडसं, खोकला, साऱ्याइले संगं घेऊन उतरते. बसमधून घरचे मानसं उतरल्यासारखं.”

याच्यात माहं का चुकलं?

त्या मानसाचा चेहरा पाहाले पाहिजे होता तुमी. दोन वर्षानं हसला. दुकानात होते-नव्हते त्या साऱ्याइले गूळ-फुटाणे वाटले, माह्याच डब्यातले. प्रमिलाबाई, म्हणजे आमची बायको, तिनं आतून इचारलं का झालं, तं म्हणे, वहिनी, पोरीचा ताप उतरला. अन् फोन तोंडापाशी धरून, बाजारातल्या आवाजात, मंजुषाले निरोप बोलून धाडला: “मंजू, खबर ऐकली, लय आनंद झाला बेटा, देवानं ऐकलं, आमी इकडे गूळ वाटून राह्यलो, आता केळझरले चाललो.” पाठवला. म्या स्वतः बटन दाबलं, खोटं काऊन बोलू.

निघालो फटफटीवर. ते समोर, मी मागं, माह्या मांडीवर मोदकाचा डबा. रस्त्याच्या दोन्ही बाजूनं कापूस फुटलेला, ऊन कवळं, अन् मनोहरराव मान मागं वळवून बोलून राह्यले. म्या म्हनलं, भाऊ, समोर पाहा. पन दोन वर्षाचं तोंड उघडलं होतं, बंद होते का.

म्हणे, “कैलास, आपल्या लहानपणी ताप किती चांगला होता.”

अन् खरं सांगू का, होता. तुमी हसता, पन आठवा. ताप आला म्हणजे शाळा बंद. वाकळ घेऊन माजघरात झोपा, माय उलट्या हातानं गळ्याखाली पाहे, थर्मामीटर तं साऱ्या गल्लीत नव्हता, मायच्या हातालेच आकडे होते. कनकन हाय म्हणे, कसर हाय म्हणे, नाई तं आंग फणफणलं म्हणे, अन् त्या तीन शब्दात साऱ्याइले समजे का घरीच काढा पाजाचा, का तानबाले बोलवाचं. तानबा कंपाउंडर. काचेची बाटली घेऊन जा, तो गुलाबी औषध भरे अन् बाटलीले कागदाची पट्टी चिकटवे, कैचीनं खाचा पाडलेली, एका टायमाले एक खाच. कडू असं का जीभ आठ दिवस रागावून राहे. पन त्याच्या मागून ग्लुकोजचं बिस्किट भेटे, चहात बुडवून. अन् मोसंबी. मोसंबी आमच्या घरी फक्त तापालेच येत होती. मी मोठा होयेपर्यंत मले वाटे, ते फळ झाडाले लागत नाई, बिमारीले लागते. अन् सारी गल्ली पाहाले ये. कोनी पायाशी बसे, कोनी फुकट सल्ला दे, कोनी म्हणे नजर लागली. आता फोनवर अंगठा पाठवते. बरं वाटो म्हणून फुलाचं चित्र पाठवते. चित्राले हात राह्यते का, कपाळावर ठेवाले?

मनोहरराव म्हणे, “मंजू लहान होती तं तिले आमी याच रस्त्यानं सायकलवर घेऊन गेलतो, तापात. मी पायडल मारून राह्यलो, गोपिका मागं पोरीले पोटाशी धरून. सारा रस्ताभर पोरगी सांगे, बाबा, इथं दुखते, बाबा, तिथं दुखते. किती बोलत होती, कैलास.” मंग मान वळवून समोर पाह्यलं. म्या मागून डबा सांभाळला.

पोचलो केळझरले. पायऱ्या चढलो, दर्शन झालं, मोदक ठेवले, नारळ फोडला तं एका फटक्यात सरळ दोन वाट्या. मनोहरराव म्हणे, पाह्य, देवाले बी मालूम हाय. पायरीवर येऊन बसलो, अन् फोन वाजला. आचलचे दोन मेसेज. पहिला वाचला: आबाजी, मम्मीले फ्लू झाल्याचा तुमाले आनंद काऊन झाला?

म्या मनात म्हनलं, लेकराची इंग्रजी कच्ची हाय.

दुसरा वाचला: मम्मीचं टेम्परेचर एकोणचाळीस पॉइंट चार आहे.

आता कोविडच्या वर्षापासून आपल्याकडे शेंबड्या पोराले बी मालूम हाय, चांगल्या मानसाचं अठ्ठ्याण्णव राह्यते. म्या बोटावर मोजलं. शंभराचं अठ्ठ्याण्णव झालं म्हणजे उतरला. अन् अठ्ठ्याण्णवचं एकोणचाळीस? मनोहरराव माह्या तोंडाकडे पाहून राह्यले. म्हणे, “कैलास, इतका उतरला?”

म्या आकडा पुन्हा वाचला. त्याइनं माहा हात धरला, असा थंडगार. “मानसाचा इतका उतरते का रे? इतका उतरला म्हणजे मानूस...” अन् पुढचा शब्द काढला नाई. एका मिंटात तो मानूस वहिनीच्या बाराव्या दिवशी पोचला. पायरीवर बसल्या बसल्या घामानं ओला झाला, अन् तुमाले सांगतो, मले त्याइच्या डोळ्यात पाहाची हिंमत झाली नाई. कारण म्या सांगितलं होतं ना, उतरला म्हणून. म्याच सांगितलं होतं.

बाजूले एक पोरगी बसली होती प्रसाद खात, रक्षा नावाची, दवाखान्यात नर्स हाय, सुट्टीचं दर्शनाले आलती. ते सारं ऐकून राह्यली होती बहुतेक. म्हणे, “काका, फोन दाखवा जरा.” पाह्यला. म्हणे, “घाबरू नका. तिकडे सेल्सिअसमध्ये मोजतात. आपल्या हिशोबानं एकशे तीनच्या जवळ आहे.”

“म्हणजे उतरला नाई?” मनोहरराव इचारते.

“नाही काका. कम डाऊन म्हणजे उतरला नाही, लागला. फ्लूनं पकडलं तिला. सर्दी कशी, कडी वाजवून हळूहळू घरात येते. फ्लू सरळ दार तोडून येतो. सकाळी माणूस धड असतो, संध्याकाळी अंथरुणात.” अन् मंग माह्याकडे पाहून, “हे भाषांतर कोणी केलं?”

म्या देवळाच्या कळसाकडे पाह्यलं.

आता हे कसली भाषा, तुमी सांगा. मानूस आजारी पडून राह्यला तं म्हणते खाली आला. आंग गरम झालं तं आकडा थंड सांगते. याच्यात माहं का चुकलं? पन तेव्हा हे कोनाले म्हनावं. मनोहररावनं फोन लावला, फोटोवाला, रक्षानं समोर धरला. आचलनं उचलला. मागं खोली अंधारलेली. मनोहरराव आपल्या इंग्रजीत म्हणे, “बेटा, मम्मी ईट?”

“शी इज ऑफ हर फूड, आबाजी.”

या डाव मी चूप बसलो. रक्षानं सांगितलं, जेवण जात नाही. अन् फोन फिरला, तं मंजुषा दिसली. उशीवर केस इस्कटलेले, ओठ सुकलेले. पन बापाले पाहून हसली अन् म्हणे, “बाबा, काही नाई, फ्लू आहे. थोडासाच.”

मनोहरराव म्हणे, “थोडासा म्हणू नोको.”

मंजुषानं उशीवरून मान वर केली.

“मंजू, तुह्या आईच्या टायमाले मी अकरा दिवस खोटं बोललो. तुले त्रास नाई व्हावा म्हणून बोललो, असं म्या लोकाइले सांगतो. खरं तसं नाई. तुले सांगितलं असतं तं मले ते खरं मानावं लागलं असतं. मी घाबरलो होतो बेटा. तुही आई तुहं नाव घेत होती अन् मी फोनवर थोडासा म्हणत होतो. माही चूक झाली. तू माह्यासारखी करू नोको.”

देवळात मानसं ये-जा करून राह्यले होते, घंटा वाजून राह्यली होती, अन् हा मानूस पायरीवर बसून, ज्याचा आवाज सारा बाजार ऐकते तो मानूस, इतक्या बारीक आवाजात बोलला का मले बाजूले बसून कान द्यावा लागला. मंजुषाचे डोळे भरले. मंग ते बोलली. अन् बोलली कशी, तुमाले सांगतो, वीस वर्षं इंग्रजीत राह्यलेली पोरगी, सारी इंग्रजी गळून पडली.

“बाबा, आंग लय मोडून राह्यलं. हाडं न् हाडं ठणकून राह्यले. तोंड कडू झालं, पानी बी कडू लागते. डोळ्यात जाळ हाय. अन् वाकळ घेतली तं गरमी होते, काढली तं हुडहुडी भरते. मले आईची लय याद येते, बाबा.”

मनोहरराव डोळे पुसून म्हणे, “हं. आता समजलं.”

अन् खरंच समजलं हो. मले बी समजलं, रक्षाले बी. मंग मनोहररावनं एवढंच इचारलं, “श्वास लागते का? छातीत दुखते का? खरं सांगजो.” नाई लागत म्हणे. डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं, घरीच राहा, पानी प्या, तापाची गोळी घ्या, श्वास लागला तं लगेच कळवा, असं म्हनलं. मनोहरराव म्हणे, सलाइन नाई? सुई बी नाई? रक्षा म्हणे, काका, बरोबर सांगितलं त्यांनी, एरवी तब्येत चांगली आहे तिची, आराम हेच औषध. नीरज बाहेरगावी गेलता, संध्याकाळच्या गाडीनं येणार होता. मंग नऊ वर्षाच्या आचलले आबाजीनं केळझरच्या पायरीवरून तांदळाची पेज शिकवली. राइस, मोअर वॉटर, सॉल्ट, स्लो गॅस. शेजारची इंग्रज बाई येऊन गॅसपाशी उभी राह्यली, तिनं बी पाह्यलं. मंजुषानं चार चमचे घेतले.

मंग मंजुषा म्हणे, “बाबा, झोप येत नाई. बाजार लावा ना.”

मनोहररावनं आजूबाजूले पाह्यलं, जरा लाजले. मंग सुरू केलं, हळू, जसं पाळण्यापाशी: “घ्या वांगे काटेरी वांगे, घ्या कवळे ढेमसं, घ्या भेद्रे, लाल टमाटे भेद्रे, घ्या सांभार, हिरवागार सांभार...” मंजू लहान असतानी तापात तिले असंच झोपवत होते म्हणे. कॉलेजात गेल्यावर याच आवाजाची तिले शरम वाटे, बाजारातून जातानी मान खाली घालून जाय. अन् आता डोळे मिटून म्हणे, “बाबा, मेथी राह्यली.”

“घ्या मेथी, घ्या ताजी मेथी...”

झोपली. आचलनं ओठावर बोट ठेवलं अन् फोन बंद केला. आमी तिघं पायरीवर तसेच बसून.  रक्षानं जातानी दोन मोदक मागून घेतले.

पाच दिवसानं ताप उतरला, आपल्या अर्थानं उतरला, मी दुसऱ्याले इचारून खातरी केली. खोकला महिनाभर राह्यला. चांगली हाय आता पोरगी.

पन तेव्हापासून बाप-लेकीनं ठरवलं, एकमेकाले सारं खरं सांगाचं. आता तुमी म्हणान, चांगलं झालं. झालं ना. पन घरात रेंज नीट येत नाई म्हणून मनोहरराव फोन घेते माह्या दुकानासमोर, अन् बोलते बाजारातल्या आवाजात. रोज पाऊन तास. पोटरीत गोळा आला इथपासून नाक कोनत्या बाजूनं बंद हाय इथपर्यंत. गिऱ्हाईक साखर घ्याले येते अन् लीड्सच्या कफाचा रंग ऐकून बिना साखरेचं जाते.

अन् मले दोन दिवसापासून कनकन हाय. आंग मोडून राह्यलं. काल प्रमिलाबाईले सांगितलं, म्हनलं, मले ताप वाटते. तिनं भाजी निवडता निवडता वर बी पाह्यलं नाई. म्हणे, “मराठीत वाटते का इंग्रजीत?”

म्या म्हनलं राहू दे, अन् येऊन दुकान उघडलं.